पणजोबांच्या चंचीतील परदेशी नाणी : ओळख पटवण्यासाठी मदत हवी आहे

कातळवाट

नमस्कार. राजापूर तालुक्यातील आमच्या जुन्या घराची डागडुजी या मे महिन्यात काढली, तेव्हा माजघरातील फडताळाच्या मागे एक कापडी चंची सापडली. तिच्यात सुपारीच्या कप्प्यात आठ नाणी होती. चंची पणजोबांची, याबद्दल घरात कोणाचे दुमत नाही. ते पहिल्या महायुद्धात बसऱ्याला लढायला गेले होते आणि ही नाणी त्यांनी तिथून आणली, असे माझे काका सांगतात. मात्र नाण्यांवर इतक्या वेगवेगळ्या लिपी आहेत की ती सगळी एकाच ठिकाणची असतील असे मला वाटत नाही.

जे दिसते ते जसेच्या तसे लिहितो.

१) रुपयापेक्षा बरेच मोठे आणि जड, चांदीसारखे नाणे. एका बाजूला डोक्यावरून पदर घेतल्यासारखी वस्त्र पांघरलेली पुष्ट स्त्री, दुसऱ्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड आणि १७८० हे साल. वरच्या कडेला कधीतरी कडी जोडली असावी अशी खूण आहे.
२) तांब्याचे नाणे. एका बाजूला तराजू, त्याखाली अरबी आकडे. दुसऱ्या बाजूला अरबी मजकूर.
३) तांब्याचे लहान नाणे. मुकुट, १९१३, 'डॉइच ओस्टआफ्रिका'.
४) मधोमध भोक असलेले, 'ईस्ट आफ्रिका', १९३६.
५) पांढऱ्या धातूचे लहान नाणे, मधोमध वेलबुट्टीसारखी गुंतागुंतीची सही, बाकी सगळे अरबी लिपीत.
६) कंगोरेदार कडांचे, एका पुरुषाचा चेहरा, अरबी लिपी.
७) तांब्याचे, वेटोळे घातलेला ड्रॅगन आणि इंग्रजीत '१ सेन'.
८) पूर्ण झिजलेले. हाताला केवळ गुळगुळीत चकती लागते.

पहिले नाणे तालुक्याच्या गावी एका सराफाला दाखवले. त्यांनी ते कानाशी वाजवून पाहिले आणि 'चांदी शुद्ध नाही, मोडीत घेतो' एवढेच सांगितले. मोडीत घालण्याची माझी इच्छा नाही. ही नाणी कोणत्या देशांची आहेत आणि पणजोबांविषयी त्यांतून काही कळू शकेल का, हे जाणून घ्यायचे आहे.

ताम्रपट

सर्वप्रथम एक कळकळीची विनंती. ही नाणी चिंच, राख, लिंबू किंवा दंतमंजन यांपैकी कशानेही घासू नका. चांदीवरचा काळसर थर आणि तांब्यावरचा तपकिरी थर हा मळ नसून त्या धातूचे वय असते. एकदा ते निघून गेले की परत येत नाही, आणि जाणकार माणूस घासलेले नाणे दुरूनच ओळखतो. त्याचप्रमाणे स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटांत ती ठेवू नका. त्या प्लॅस्टिकमुळे काही वर्षांत नाण्यांवर हिरवट चिकटा धरतो. तूर्त प्रत्येक नाणे वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा आणि ती कशी, कुठे, कोणत्या क्रमाने सापडली ते आजच लिहून काढा.

आता ओळख. क्रमांक २ हे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील झांझिबार बेटाचे पैसा नाणे असावे. सुलतान बरघश बिन सईद यांच्या काळात तराजूचे चिन्ह असलेली ही तांब्याची नाणी निघाली. क्रमांक ३ जर्मन पूर्व आफ्रिकेचा, म्हणजे आजच्या टांझानियाच्या मुख्य भूभागातील जर्मन वसाहतीचा, एक हेलर आहे. तिथे जर्मनांनीही रुपयाच चालवला होता. सुरुवातीला त्याचे ६४ पेसा होत, आणि १९०४ पासून १०० हेलरचा एक रुपया झाला. हिंदी महासागराच्या त्या किनाऱ्यावर आपल्या व्यापाऱ्यांमुळे रुपया इतका रुळला होता की नव्या सत्ताधीशांना तो मोडता आला नाही.

क्रमांक ५ वरील 'वेलबुट्टीसारखी सही' म्हणजे तुघ्रा, ऑस्मानी (तुर्की) सुलतानाची राजमुद्रा. क्रमांक ६ वर इराकचे राजे फैसल पहिले असावेत. क्रमांक ७ जपानचे आहे. क्रमांक १ विषयी सविस्तर लिहायचे आहे, पण त्याआधी त्याचे वजन ग्रॅमच्या दोन दशांशांपर्यंत मोजून कळवा, आणि नाणे आडवे धरून त्याच्या कडेवर उठावाची अक्षरे आहेत का तेही पाहा.

कातळवाट

मनःपूर्वक धन्यवाद. शेजाऱ्यांकडून सोने मोजण्याचा छोटा काटा आणला. क्रमांक १ चे वजन २८.०२ ग्रॅम भरले. कडेवर खरोखरच उठावाची रोमन अक्षरे आहेत. इतके दिवस ती केवळ नक्षी वाटत होती. सकाळचे तिरपे ऊन पडवीत येते तेव्हा ती वाचता आली : 'युस्टिटिया एट क्लेमेन्शिया'. स्त्रीच्या मूर्तीखाली 'एस. एफ.' अशी दोन अक्षरे आहेत.

अरबी आकडे मात्र मला नीट लावता येत नाहीत. तराजूच्या नाण्यावर १२९९ असावे असे वाटते. मग ते तेराव्या शतकातले आहे का?

ताम्रपट

तेराव्या शतकातले नाही. ते हिजरी साल आहे. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे आपल्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते, म्हणून नुसती बेरीज करून चालत नाही. हिजरी सालातून त्याचे तीन टक्के वजा करावेत आणि उरलेल्या आकड्यात ६२२ मिळवावेत. १२९९ मधून ३९ गेले, राहिले १२६०. त्यात ६२२ मिळवले की १८८२ येते.

आकडे वाचताना आपल्याकडील लोकांची ठरावीक ठिकाणी फसगत होते. अरबी पाच आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसते टिंब. सहा हा इंग्रजी सातासारखा दिसतो, सात हा इंग्रजी व्ही अक्षरासारखा आणि आठ हा उलट्या व्ही सारखा. तुमच्या इराकी नाण्यावर चेहरा नसलेल्या बाजूला दोन साले शेजारीशेजारी असतील, १३४९ आणि १९३१. दोन्ही अरबी आकड्यांतच. एकाच नाण्यावर दोन्ही कालगणना असल्याने आकडे शिकायला त्याच्याइतका चांगला गुरू नाही. आधी ते वाचून पाहा, मग बाकीच्यांकडे वळा.

ऑस्मानी नाण्यावर आणखी एक गुंता आहे. त्यावरचे मोठे साल नाणे पाडल्याचे नसून सुलतान गादीवर बसल्याचे असते. तुघ्र्याजवळचा छोटा आकडा राज्यवर्ष दाखवतो. १३२७ असेल तर सुलतान मेहमद पाचवे, राज्यारोहण १९०९. त्यात राज्यवर्ष मिळवून एक वजा करावा लागतो. जपानी नाण्यांचीही रीत अशीच सम्राटाच्या कारकिर्दीवर चालते. ड्रॅगनचा सेन मेइजी काळातला आहे, आणि मेइजी वर्षात १८६७ मिळवले की इसवी सन मिळतो.

मत्रहकर

मी अठरा वर्षे मस्कतला आहे. पहिल्या क्रमांकाचे वर्णन वाचताच ओळख पटली, कारण मत्रहच्या बाजारात चांदीच्या जुन्या दागिन्यांच्या दुकानांत ही नाणी मी नेहमी पाहतो. ती मारिया थेरेसा थेलर आहे. येमेनमध्ये या नाण्याला 'रियाल फ्रान्सी' म्हणत, आणि गरुडामुळे 'अबू तैर', म्हणजे पक्षीवाला, असेही नाव अरबांत होते. बायका ती गळ्यात घालत असल्यामुळे कडी जोडल्याची खूण असणे अगदी स्वाभाविक आहे.

ताम्रपट

मत्रहकरांनी बरोबर ओळखले. या नाण्याची कहाणी मी मुद्दाम विस्ताराने लिहितो, कारण आपल्या मुंबईचा तिच्याशी थेट संबंध आहे.

मारिया थेरेसा ही ऑस्ट्रियाची सम्राज्ञी. डोक्यावरचे वस्त्र वैधव्याचे आहे. तिचे पती फ्रान्सिस १७६५ मध्ये वारले. ती स्वतः नोव्हेंबर १७८० मध्ये वारली. तोवर तिचे हे नाणे लेव्हंटमार्गे, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरून, तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर इतके विश्वासाचे झाले होते की इथिओपिया, येमेन, ओमान या भागांतील व्यापारी दुसरे नाणे घ्यायला तयार होत नसत. त्यामुळे तिच्या मृत्यूनंतरही १७८० हेच साल कायम ठेवून तेच नाणे पाडले जात राहिले, ते आजतागायत. कडेवरची उठावाची अक्षरे हे त्या विश्वासाचे एक कारण होते. कड थोडीशी जरी कापून चांदी चोरली तरी 'न्यायाने आणि दयेने' हे तिचे ब्रीद तुटलेले दिसे.

१९३५ मध्ये मुसोलिनीने इथिओपियावर स्वारी केली आणि या नाण्याचे साचे ऑस्ट्रियाकडून मिळवून रोममध्ये थेलर पाडायला सुरुवात केली. ब्रिटिशांनीही मग लंडनला ती पाडली, आणि दुसरे महायुद्ध पेटल्यावर, १९४० पासून, मुंबईच्या फोर्टातील टांकसाळीत पावणेदोन कोटींहून अधिक थेलर पाडल्या गेल्या. म्हणजे तुमच्या चंचीतील ऑस्ट्रियन सम्राज्ञी व्हिएन्नात जन्मली असेल, तशीच फोर्टातही जन्मली असू शकेल. छातीवरच्या पदकातील मोत्यांची संख्या आणि गरुडाच्या शेपटीची पिसे यांवरून अभ्यासक टांकसाळी वेगळ्या काढतात, परंतु त्यासाठी नाणे प्रत्यक्ष भिंगाखाली पाहावे लागते. छायाचित्रावरून मी तसा निर्वाळा देणार नाही.

थेलरचे ठरलेले वजन २८.०७ ग्रॅम आणि चांदी ८३.३ टक्के, म्हणजे हजारात ८३३ भाग. तुमच्या सराफांचे 'शुद्ध नाही' हे म्हणणे शब्दशः खरे आहे, पण ती मुळातच तशी होती. मोडीत तिच्यात सुमारे २३.४ ग्रॅम शुद्ध चांदी निघेल. नकली थेलरही पुष्कळ आहेत, म्हणून एक साधी परीक्षा करा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणे बारीक दोऱ्याला बांधून तळाला वा काठाला न टेकेल असे पाण्यात पूर्ण बुडवा. काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या वजनाला भागा. उत्तर १०.२ च्या आसपास आले पाहिजे.

गलबत

काकांच्या सांगण्याविषयी थोडे लिहितो. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, आपली माणसे मोठ्या संख्येने होती, यात शंका नाही. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या, आणि कुत-अल-अमारा येथील वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी शरण जाण्याची पाळी त्यांच्यावर आली. ऑस्मानी नाणे एखाद्या सैनिकाच्या खिशातून रत्नागिरीत येणे अगदी शक्य आहे.

परंतु १९३१ चे इराकी नाणे १९१८ मध्ये परतलेला सैनिक कसा आणील? इराकमध्ये युद्धानंतरही भारतीय रुपयाच चालत होता. दिनार आणि त्याचे हजार फिल्स ही पद्धत १९३२ मध्ये सुरू झाली. पूर्व आफ्रिकेचे नाणे तर १९३६ चे आहे. तुम्ही नाणी एकेक करून पाहता आहात. ती नकाशावर ठेवून पाहा. बसरा, झांझिबार, दार-ए-सलाम, मोंबासा, तांबडा समुद्र, जपान. ही सगळी बंदरे आणि बोटींच्या वाटा आहेत. मुंबईहून इराणी आखातात आणि मुंबईहून पूर्व आफ्रिकेला नियमित बोटी जात, आणि त्यांवर रत्नागिरी जिल्ह्यातील खलाशी फार मोठ्या संख्येने असत. माझे स्वतःचे आजोबा त्यांतलेच. त्यांच्या पेटीतही असाच सात ठिकाणचा चुरा होता, कारण बंदरावर उतरून चहा-तंबाखू घेतल्यावर हातात राहिलेली सुटी नाणी पुढच्या बंदरात चालत नसत. ती घरीच यायची.

म्हणूनच माझी विनंती आहे की ही नाणी वाटणीत वेगवेगळ्या घरी जाऊ देऊ नका. एकटा हेलर कोणत्याही पेठेत थोडक्या पैशांत मिळेल. या सात-आठ नाण्यांचा एकत्र संच कोणत्याही पेठेत मिळणार नाही.

शेवंता

विषयाला धरूनच एक प्रश्न विचारते. माझ्या आजीची पुतळ्यांची माळ माझ्याकडे आहे. पुतळ्यांवर एक उभी आणि एक गुडघे टेकलेली आकृती आहे, मागच्या बाजूला ताऱ्यांच्या वलयात आणखी एक. घरात आम्ही त्यांना राम-मारुती म्हणत आलो. हेही परदेशी नाणे आहे का?

ताम्रपट

आहे, किंवा त्याची नक्कल आहे. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचा डुकाट. उभे आहेत ते संत मार्क, त्यांच्याकडून ध्वज स्वीकारत गुडघे टेकून बसलेला तो व्हेनिसचा प्रमुख, डोज. मागे ताऱ्यांच्या वलयात येशू ख्रिस्त. १२८४ पासून १७९७ मध्ये व्हेनिसचे प्रजासत्ताक बुडेपर्यंत हे नाणे जवळजवळ शुद्ध सोन्यात, साधारण साडेतीन ग्रॅम वजनाने पाडले गेले आणि मसाल्यांच्या व्यापारातून आपल्या किनाऱ्यावर आले. मराठी माणसाने त्यावरची माणसे पाहिली आणि नाण्याचे नावच पुतळी ठेवले. तुमच्या घरातील राम-मारुती मला फार आवडले. ते नाव माळेसोबत लिहून ठेवा.

अस्सल की नक्कल हे अक्षरांवरून कळते. अस्सलवर डोजचे नाव रोमन लिपीत वाचता येते. आपल्याकडील कारागिरांनी केलेल्या पुतळ्यांवर त्या अक्षरांच्या नुसत्या उभ्या-आडव्या रेघा उरतात, कारण ठसा खोदणाऱ्याला ती लिपी येत नव्हती. तशा पुतळ्याही जुन्या आणि मोलाच्या असू शकतात. माळ ओवलेलीच राहू द्या.

घरोघरी ज्याला 'गिनी' म्हणतात ते नाणेही बहुतेक वेळा गिनी नसते. १८१७ पासून निघालेला सॉव्हरिन, म्हणजे ब्रिटिशांचे सोन्याचे नाणे, असतो. वजन ७.९८ ग्रॅम, २२ कॅरट. घोडेस्वार आणि ड्रॅगन यांच्या खाली, सालाच्या वर, भिंगाने पाहिल्यास एखादे बारीक अक्षर दिसते. १९१८ साल आणि रोमन 'आय' असेल तर तो मुंबईच्या टांकसाळीतला सॉव्हरिन. सॉव्हरिन मुंबईत त्या एकाच सालाचे पाडले गेले.

कातळवाट

पाण्याची परीक्षा केली. दोरा सतत गिरकी घेत असल्याने पहिले दोन प्रयत्न फसले. तिसऱ्या वेळी काटा २.७५ वर स्थिर झाला, भागाकार १०.१९. रात्री अकरा वाजता आम्ही चौघे त्या पेल्याभोवती बसलो होतो आणि आकडा जुळल्यावर माझ्या मुलीने टाळ्या वाजवल्या.

इराकी नाण्यावरची दोन्ही साले वाचता आली, १३४९ आणि १९३१. नाणे चार फिल्सचे आहे. ऑस्मानी नाण्यावर १३२७ आणि छोटा आकडा उलट्या तीनसारखा आहे, म्हणजे बहुधा चार. त्या हिशेबाने ते १९१२ च्या सुमाराचे ठरते.

दोन शंका आहेत. भोक असलेल्या १९३६ च्या नाण्यावर राजे एडवर्ड आठवे यांचे नाव आहे. त्यांनी वर्ष पुरे होण्याआधीच गादी सोडल्यामुळे हे नाणे लाखोंना जाते, असा एक संदेश चुलतभावाने पाठवला आहे. दुसरे, एक चुलत बहीण अमेरिकेत असते, तिला आठवण म्हणून झांझिबारचे आणि जपानचे अशी दोन नाणी न्यायची आहेत.

ताम्रपट

परीक्षा उत्तम केलीत. तांबे-निकेलची नक्कल असती तर पाण्यात काटा ३.१५ च्या आसपास गेला असता.

एडवर्ड आठवे २० जानेवारी ते ११ डिसेंबर १९३६ एवढाच काळ राजे होते हे खरे, परंतु पूर्व आफ्रिकेची भोकाची नाणी त्यांच्या नावाने प्रचंड संख्येने पाडली गेली. मधोमध भोक असल्याने त्यांवर चेहरा नव्हताच, केवळ नाव बदलून साचे तयार करता आले. त्यामुळे राजवट दुर्मीळ असली तरी नाणे मुबलक आहे. लाखांचे आकडे फिरवणाऱ्यांपासून सावध राहा. जुनी नाणी विकत घेण्याच्या नावाखाली रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून आधी शुल्क वा कर मागणारे लोक आहेत, आणि अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही, असे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितले आहे. नाणे विकण्यासाठी आधी पैसे भरावे लागत असतील तर तो व्यवहार तिथेच थांबवावा.

बहिणीला मात्र नाही म्हणावे लागेल. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षे वा त्याहून जुने नाणे पुरावशेष ठरते, मग ते मूळचे कोणत्याही देशाचे असो, आणि खासगी व्यक्तीला ते भारताबाहेर नेता येत नाही. झांझिबारचे १८८२ चे आहे आणि ड्रॅगनचा सेनही मेइजी काळातला म्हणजे शंभरीपलीकडचाच. तिला दोन्ही बाजूंची चांगली छायाचित्रे आणि माहिती पाठवा.

एक बारकावा विचारतो. तुम्ही टाकलेल्या छायाचित्रात भोकाच्या नाण्याचे भोक नेमके गोल दिसत नाही. एका बाजूला त्याची आतली कड घासून पातळ झाली आहे. सुटे नाणे खिशात फिरले तर बाहेरची कड झिजते; आतली कड अशी झिजत नाही. ते कशात तरी ओवलेले होते का?

कातळवाट

उत्तर द्यायला उशीर झाला, क्षमस्व. आजोबांची थोरली बहीण, आमची आत्याआजी, ९१ वर्षांची असून लांज्याला मुलाकडे राहते. रविवारी नाणी घेऊन तिच्याकडे गेलो.

दृष्टी अधू असल्याने तिने ती हातानेच चाचपली. लढाईचे विचारल्यावर ती म्हणाली, ''लढाईवर कोण गेलेलं? बाबा बोटीवर होते.'' लढाईवर गेले ते त्यांचे मावसभाऊ. दोन्ही कहाण्या पुढच्या पिढीत एकत्र झाल्या असाव्यात. गलबत यांचा अंदाज खरा ठरला, त्यांचे विशेष आभार. बाबा पावसाळ्याच्या तोंडी घरी आले की खजुराची थैली आणत आणि मोंबासाचे नाव त्यांच्या तोंडी सारखे असे, एवढे तिला आठवते. थेलर तिने ओळखली नाही.

भोकाचे नाणे हातात येताच मात्र ती थांबली. अंगठ्याने तिने भोकाची आतली कड दोन-तीनदा चाचपली आणि म्हणाली, ''हा नानाच्या करगोट्यातला.'' नाना म्हणजे माझे आजोबा, जन्म १९३६. काळ्या दोऱ्यात ओवलेले ते नाणे त्यांच्या कमरेला चार-पाच वर्षे होते, आणि विहिरीवर आंघोळ घालताना ते पायरीवर वाजायचे.

आठव्या, झिजलेल्या नाण्याची ओळख अजून पटलेली नाही. त्याचे वजन ६.४ ग्रॅम आहे. तिरप्या उन्हातील नवीन छायाचित्रे उद्या इथे देतो. बाकीची सात आता कागदी पाकिटांत एकत्र आहेत. प्रत्येकावर देश, साल आणि वजन लिहिले आहे. भोकाच्या नाण्याच्या पाकिटावर त्याआधी आजोबांचे नाव लिहिले.